सेवेचे पांच दिवस आणि प्रवासाचे दोन

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या धर्मग्रामाच्या सभेंत वाचलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं आम्हां चौघांस चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, हा आम्ही आमचा मोठा सन्मान समजतों. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत, अँडीज पर्वताच्या उंच प्रदेशांत, आम्ही एप्रिलपासून जुलैअखेरपर्यंत चार महिने स्वयंसेवक म्हणून राहिलों. तेथील कामाचा लेखी अहवाल आम्हीं पूर्वींच सादर केला आहे; त्याची पुनरुक्ति करून आपला वेळ घेण्याचा आमचा विचार नाहीं. परंतु परत आल्यापासून एक प्रश्न आम्हांस घरोघर विचारला जातो, आणि त्याचें उत्तर सर्वांसमक्ष द्यावें हेंच बरें, असें आम्हांस वाटतें. प्रश्न असा, कीं "तुम्ही तर सेवेस गेलां होतां, मग दर शनिवारीं-रविवारीं हिंडलांत कशाला?"

प्रश्न वाजवी आहे. आमच्या विमानभाड्याचा कांहीं भाग आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनीं उचलला होता, आणि ज्यानें दिलें त्यास विचारण्याचा अधिकार आहे. हिशेबापुरतें प्रथमच सांगतों, कीं शनिवार-रविवारच्या प्रवासास त्या निधींतील एक पैसाही लागला नाहीं. तो खर्च आम्हीं आपापल्या पगारांतून शिल्लक टाकलेल्या रकमेंतून केला. परंतु प्रश्नाचा खरा रोख पैशांवर नसून वेळेवर आहे. दूर देशीं दुसऱ्यांच्या उपयोगी पडावयास गेलेल्या माणसानें आठवड्यांतील दोन दिवस डोंगर, देवळें व बाजार पाहण्यांत घालवावे काय? आमचें उत्तर "अवश्य घालवावे" असें आहे, आणि तें कां, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम स्थळाची कल्पना द्यावयास हवी. कुस्को शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर वसलें आहे. आपल्या महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, त्याची उंची १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर दुसरें कळसूबाई ठेवलें तरी कुस्कोची बरोबरी व्हावयास थोडें कमीच पडेल. तेथें हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या मानानें सुमारे दोन-तृतीयांश असतो, त्यामुळें प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायुही तितकाच कमी. वसईच्या खाऱ्या वाऱ्यांत वाढलेल्या माणसास पहिले आठ दिवस जिना चढतांनाही धाप लागते, डोकें दुखतें, रात्रीं झोंप येत नाहीं. ह्या विकारास तेथें 'सोरोचे' म्हणतात, व त्यावर कोकाच्या पानांचा काढा देतात. पाणी तेथें सुमारे ८९ अंशांवरच उकळतें, म्हणून उघड्या पातेल्यांत भात शिजतां शिजत नाहीं. आमच्यांतील ज्या भगिनीनें येथून जड वाटला तरी कुकर बरोबर नेला, तिचे उपकार आम्ही तिघेही दररोज स्मरत असूं.

आमचें काम कुस्कोच्या दक्षिणेकडील एका खेड्यांत होतें. सकाळीं प्राथमिक शाळेंत वाचन व गणित ह्यांत मुलांस मदत करावयाची, दुपारीं मुलांच्या भोजनगृहांत स्वयंपाक व वाढप, आणि सायंकाळीं शाळेच्या मळ्यांत भाजीस पाणी. मुलांची घरची भाषा केचुआ, शाळेची भाषा स्पॅनिश, आणि आमची स्पॅनिश केवळ सहा महिन्यांच्या शिकवणीपुरती. केचुआ ही इंका राज्याची भाषा. पेरूमध्यें १९७५ सालीं तिला राजभाषेचा मान मिळाला, व २०१७ च्या जनगणनेंत सुमारे ३७ लक्ष लोकांनीं ती आपली मातृभाषा म्हणून नोंदविली.

शनिवारीं व रविवारीं शाळा बंद आणि भोजनगृहही बंद. गांवांतील माणसेंही त्या दोन दिवसांत गांवांत फारशीं सांपडत नसत. कोणी बाजारास जाई, कोणी नातलगांकडे बटाटे काढावयास, कोणी एखाद्या तीर्थस्थानीं. आम्हीं बहुतेक वेळीं त्यांचीच वाट धरली. माणसांनीं गच्च भरल्याशिवाय न सुटणाऱ्या मोटारींत, कोंबड्या व बटाट्यांच्या पोत्यांसह, आम्ही त्यांच्यामागून जात असूं. आमच्या प्रवासाचें स्वरूप हें असें होतें.

पहिले दोन रविवार आम्ही कुस्कोच्या पुढें गेलों नाहीं. नव्या हवेची शरीरास संवय होणें अवश्य होतें. कुस्को ही इंका राजांची राजधानी. १५३३ सालीं ती स्पॅनिश सैन्याच्या हातीं गेली. तेथील महामंदिराचें बांधकाम १५६० सालीं सुरू होऊन १६५४ सालीं पुरें झालें, आणि त्याच्या दगडांपैकीं पुष्कळसे शहराच्या माथ्यावरील साक्सायवामान ह्या इंका दुर्गावरून उतरवून आणलेले आहेत. डोमिनिकन संघाचा मठ तर सूर्यमंदिराच्या भिंतींवरच उभा आहे. १९५० च्या भूकंपांत मठाचा बराच भाग कोसळला, परंतु खालच्या इंका भिंती जागच्या हलल्या नाहींत. वसईच्या किल्ल्यांतील पडक्या चर्चांच्या सावलींत वाढलेल्या आम्हांस हें दृश्य अगदींच अपरिचित नव्हतें. धर्म आणि परकी सत्ता हीं एकाच गलबतांतून आलीं, म्हणजे काय मोडतें आणि काय टिकतें, हा प्रश्न दोन्ही ठिकाणीं सारखाच उभा राहतो.

ह्याच महामंदिरांत मार्कोस सापाता ह्या स्थानिक चित्रकारानें १७५३ सालीं काढलेलें शेवटच्या भोजनाचें चित्र आहे. प्रभूच्या पुढ्यांतील ताटांत 'कुय' नांवाचा, सशाहून लहान असा घरोघर पाळला जाणारा प्राणी भाजून ठेवलेला दाखविला आहे; कारण अँडीजमधील शेतकऱ्याच्या घरीं सणाचें पक्वान्न तेंच. आमच्या गांवच्या एक आजीबाई त्या दिवशीं बरोबर होत्या. त्यांनीं आम्हांस आधीं तें ताट दाखविलें आणि मग प्रभूचा चेहरा. युरोपांतून आलेली कथा ह्या लोकांनीं आपल्या स्वयंपाकघरांतून आंत घेतली, हें आम्हांस कोणत्याही ग्रंथापेक्षां त्या आजीबाईंच्या बोटानें अधिक स्पष्ट समजलें.

तिसऱ्या रविवारीं आम्ही आंदावायलियास ह्या गांवीं गेलों. कुस्कोपासून तें सुमारे ४० किलोमीटर आहे. गांव लहान, चर्च बाहेरून साधें, मातीच्या विटांचें. परंतु आंत पाऊल टाकतांच भिंती व छत रंगांनीं व सोन्याच्या मुलाम्यानें झळकतांना दिसतात. दाराजवळच्या भिंतीवर लुईस दे रिआन्यो ह्या चित्रकारानें दोन वाटा रंगविल्या आहेत: फुलांची वाट नरकाकडे जाते, काट्यांची स्वर्गाकडे. ज्या काळीं बहुतेक लोकांस अक्षरओळख नव्हती, त्या काळीं ही भिंतच त्यांचें धर्मशिक्षणाचें पुस्तक होती. परंतु आमचें मन खिळलें तें बाप्तिस्म्याच्या कक्षाच्या दारावरील लेखावर. "पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांच्या नांवानें मी तुला बाप्तिस्मा देतों," हें एकच वाक्य तेथें पांच भाषांत लिहिलेलें आहे: लॅटिन, स्पॅनिश, केचुआ, आयमारा आणि पुकिना. त्यांपैकीं पुकिना आज जगांत कोणीही बोलत नाहीं.

त्या काळीं येथें हुआन पेरेझ बोकानेग्रा नांवाचे धर्मगुरु होते. त्यांनीं केचुआ व स्पॅनिश भाषांत संस्कारविधींचा ग्रंथ तयार केला. तो १६३१ सालीं लिमा येथें छापला गेला. पवित्र मरीयामातेचें एक केचुआ स्तोत्र त्यांत स्वरलिपीसह आहे, आणि अमेरिका खंडांत छापलेली अनेक स्वरांची ती पहिली गायनरचना समजली जाते. हें ऐकतांच आम्हांस आपले फादर थॉमस स्टीफन्स आठवले. त्यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं, म्हणजे त्या ग्रंथाच्या अवघीं १५ वर्षें आधीं, छापलें गेलें. मध्यें अर्ध्या पृथ्वीचें अंतर असतां दोघांनीं एकच मार्ग धरला होता: लोकांनीं आमची भाषा शिकावी ह्याची वाट न पाहतां आपण लोकांची भाषा शिकावी. त्याच सोमवारपासून आम्हीं भोजनगृहांतील बायांकडून दररोज पांच केचुआ शब्द शिकण्याचा नेम केला. आमचे उच्चार ऐकून मुलें पोट धरून हांसत, आणि शिक्षक होण्याचा मान त्यांस मिळाल्यामुळें जीं मुलें पूर्वीं आमच्याशीं बोलत नसत, तींही बोलूं लागलीं.

आतां बाजाराची व शेताची गोष्ट सांगतों. चिंचेरो गांवीं आम्हीं कमरेस बांधावयाच्या मागावर स्त्रिया कापड विणतांना पाहिल्या. निवडुंगावरील एका बारीक किड्यापासून त्या किरमिजी रंग काढतात, व लिंबाचा रस किंवा क्षार घालून त्याच रंगाच्या अनेक छटा करतात. बाजारांत बटाट्यांच्या राशी पाहून तर आम्ही थक्क झालों. पांढरे, पिवळे, तांबडे, जांभळे, बोटासारखे लांबट, गांठीगांठींचे! अँडीजमध्यें बटाट्याच्या ४,००० हून अधिक देशी जाती आहेत, कारण बटाट्याची जन्मभूमीच ती. आपला 'बटाटा' हा शब्द पोर्तुगिजांच्या तोंडून आला. तेथील लोक त्यास 'पापा' म्हणतात. बटाटा, मिरची, टोमॅटो आणि भुईमूग अमेरिका खंडांतून आले नसते, तर आपल्या कित्येक कालवणांचें व उपवासाच्या फराळाचें काय झालें असतें, ह्याचा विचार करावा. आपण ज्यांना मदत करावयास आलों, त्यांच्या पूर्वजांनीं आपल्या आजीच्या चुलीवर शतकांपूर्वींच मदत पाठविली होती, हें त्या बाजारांत उभें राहिल्यावर कोणासही कळेल.

जून-जुलैच्या कडाक्याच्या थंडींत तेथील लोक बटाटे रात्रीं उघड्यावर गोठवितात, दिवसा उन्हांत वितळूं देतात व पायांनीं तुडवून त्यांतील पाणी काढून टाकतात. कांहीं दिवस असें केल्यावर 'चुन्यो' नांवाचा हलका, कोरडा बटाटा तयार होतो. पावसाळ्याकरितां आपण सुकी मासळी भरून ठेवतों, तसा तो ठेवतात; आणि तो वर्षानुवर्षें टिकतो. मारास येथें डोंगराच्या कुशींतून खाऱ्या पाण्याचा झरा वाहतो, व तें पाणी पाटांनीं ३,००० हून अधिक लहान वाफ्यांत फिरवून मीठ पिकवितात. वाफे गांवच्या कुटुंबांच्या मालकीचे असतात. आमच्यांतील एकाचे आजोबा भाईंदरच्या मिठागरांत काम करीत. त्यानें तेथील एका वृद्ध मिठागऱ्यास मोडक्या स्पॅनिशमध्यें आपल्याकडील मिठागरांचें वर्णन सांगितलें. समुद्राच्या पाण्याचें मीठ करतात, हें ऐकून त्या वृद्धास कौतुक वाटलें, आणि डोंगरांत मीठ पिकतें, ह्याचें कौतुक आम्हांस! दोघेही बराच वेळ एकमेकांचे हात पाहत बसले. मिठानें फुटलेल्या हातांस दुभाष्याची गरज नसते.

मे महिन्यांतील दोन शनिवार आम्हीं मुलांच्या घरच्या शेतांत बटाटे काढण्यांत घालविले. दुपारीं ढेकळांची भट्टी रचून ती तापवितात, मग तींत बटाटे टाकून तींच तापलेलीं ढेकळें वर ढांसळवितात. आपल्याकडील पोपटीची आठवण व्हावी असा तो बेत असतो. येथेंच आम्हीं 'आयनी' हा शब्द ऐकला. आज तुझ्या शेतांत मी राबतों, उद्यां माझ्या शेतांत तूं ये, असा जो शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील करार, त्याचें नांव आयनी. गांवाच्या सामाईक कामासाठीं सर्वांनीं मिळून राबणें, ह्यास 'मिंका' म्हणतात. आपल्या शेतकऱ्यांस हे शब्द समजावून सांगावयास नकोत. 'सावड' आणि 'इर्जिक' हे शब्द आपल्या भाषेंत आहेतच. खेदाची गोष्ट इतकीच, कीं आपल्याकडे ते आतां जुन्या माणसांच्या तोंडींच उरत चालले आहेत. आमचें बटाटे काढणें पाहून घरधनिणीनें विचारलें, "तुमच्या शेतावर आम्ही केव्हां यावें?" ती थट्टा करीत नव्हती. आयनीचा हिशेब तिला पुरा करावयाचा होता. त्या दिवसापासून तिच्या घरची एक टोपली भाजी दर सोमवारीं भोजनगृहांत येऊं लागली.

मिंकेचें सर्वांत भव्य दर्शन आम्हांस जून महिन्यांत केसवाचाका येथें घडलें. आपुरिमाक नदीच्या खोल घळीवर तेथें सुमारे २८ मीटर लांबीचा एक पूल आहे, आणि तो केवळ गवताचा आहे. इंका काळापासून तो दरवर्षीं नव्यानें बांधला जातो. चार गांवांतील प्रत्येक कुटुंब गवत कापून त्याची दोरी वळून आणतें. बायका बारीक दोऱ्या वळतात; त्या एकत्र पिळून पुरुष जाड दोर करतात; आणि शेवटीं मांडीइतके जाड असे सहा दोर घळीवर ताणले जातात, चार पायांखालीं व दोन हातांस धरावयास. मग दोन जाणते कारागीर दोन्ही कांठांपासून विणत विणत मध्यें येऊन भेटतात. तीन दिवस काम चालतें, चौथ्या दिवशीं उत्सव. जवळच मोटारींसाठीं आधुनिक पूल आहे; तेव्हां नदी ओलांडावयास ह्या गवती पुलाची गरज उरलेली नाहीं. तरीही तो बांधतात, कारण तो बांधतांना चार गांवें एकत्र येतात. युनेस्कोनें २०१३ सालीं ह्या परंपरेची नोंद मानवजातीच्या वारशांत केली. महामारीच्या काळांत त्याची डागडुजी झाली नाहीं, म्हणून २०२१ च्या मार्चमध्यें तो पूल कोसळला; आणि त्याच वर्षीं जूनमध्यें गांवकऱ्यांनीं तो पुन्हा उभारला. आम्हांसही एका म्हातारबुवांनीं मूठभर गवत देऊन दोरी वळावयास बसविलें. आमची दोरी त्यांनीं दोनदां उलगडली, तिसऱ्यांदां ठेवून घेतली.

पुढील सोमवारीं शाळेंत आम्हीं त्याच पुलावर गणित घेतलें. एका दोरीस इतकें गवत, एका दोरास इतक्या दोऱ्या, सहा दोरांस किती? जीं मुलें पुस्तकांतील सफरचंदांचे गुणाकार चुकवीत, त्यांनीं दोऱ्यांचे गुणाकार आमच्याआधीं सोडविले.

आतां कोयलुर रितीच्या यात्रेविषयीं. ह्या नांवाचा अर्थ चकाकणारें हिम असा सांगतात. पवित्र त्रैक्याच्या सणाच्या सुमारास, ख्रिस्तशरीराच्या सणापूर्वीं, सिनाकारा नांवाच्या खोऱ्यांत ही यात्रा भरते. तेथें एका खडकावर प्रभु येशूची प्रतिमा आहे. मावायानी ह्या गांवापासून सुमारे ८ किलोमीटर चढण चढून जावें लागतें, आणि मंदिर ४,६०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. आमचें सारें गांव यात्रेस निघालें होतें. शाळाही बंद होती. म्हणून रविवारला दोन दिवस जोडून आम्हीही गेलों. आठ 'राष्ट्रांचे', म्हणजे आठ प्रदेशांतील जमातींचे, संघ आपापले नाच व वाद्यें घेऊन येतात. अस्वलाचा वेष घेतलेले 'उकुकु' नांवाचे तरुण यात्रेची शिस्त राखतात, आणि रात्रीं हिमनदीपर्यंत चढून तेथील क्रूस पहाटे खालीं आणतात. पूर्वीं ते पाठीवर बर्फाचे तुकडेही आणीत. लोक तें पाणी औषधी समजून घरीं नेत. हिमनदी मागें हटत चालली, हें पाहून ह्या शतकाच्या आरंभीं त्यांनीं आपण होऊन ती चाल बंद केली.

उष्ण कटिबंधांतील जगांतल्या हिमनद्यांपैकीं सुमारे ७० टक्के एकट्या पेरूमध्यें आहेत, आणि गेल्या सहा दशकांत त्यांचें निम्म्याहून अधिक क्षेत्र वितळून गेलें आहे. कोरड्या महिन्यांत शेतीस व शहरांस जें पाणी मिळतें, त्यांत ह्या हिमाचा वाटा असतो. म्हणून ही केवळ दुःखाची गोष्ट नसून भाकरीची गोष्ट आहे. आमच्या शाळेच्या मळ्यांतील पाट जुलैमध्यें बारीक होत असे. यात्रेस जाण्यापूर्वीं आम्हांस तो पाट म्हणजे मळ्याचें एक साधन वाटे. परतल्यावर तो कोठून येतो व कोणत्या दिशेनें आटत चालला आहे, हें ठाऊक होतें. हवेंत सोडलेल्या धुराचे परिणाम ज्यांनीं धूर फारसा सोडलाच नाहीं, त्यांच्या पाटांत प्रथम दिसतात. इकडे आपल्या विहिरी खाऱ्या होत आहेत, तेव्हां ही गोष्ट वसईकरांनीं परक्यांची म्हणून ऐकूं नये.

माचू पिच्चूस आम्ही एकदांच गेलों, व त्याविषयीं थोडक्यांतच सांगतों, कारण त्याचीं वर्णनें आपण पुष्कळ वाचलीं असतील. पंधराव्या शतकांतील ती इंका नगरी २,४३० मीटर उंचीवर, म्हणजे कुस्कोपेक्षां बरीच खालीं आहे. १९११ सालीं हायरम बिंगहॅम ह्या अमेरिकन प्राध्यापकानें तिचा 'शोध' लावला असें म्हणतात. परंतु त्यास वाट दाखविणारा शेतकरी तेथलाच होता, आणि त्या पायऱ्यांच्या शेतांत कांहीं कुटुंबें तेव्हांही पीक काढीत होतीं. तेथून नेलेल्या प्राचीन वस्तु एका शतकानंतर, २०११ व २०१२ सालीं, पेरूस परत मिळाल्या. डोंगरवाटेनें जाणाऱ्या प्रवाशांचें ओझें हमाल वाहतात. त्यांच्या पाठीवर २० किलोंपेक्षां अधिक भार नसावा, असा कायदा तेथें २००१ सालीं झाला. आमच्या वर्गांतील बहुतेक मुलांनीं ती नगरी पाहिली नव्हती, परंतु कित्येकांचे वडील व मामा तेथें ओझीं वाहून आले होते. हें लक्षांत ठेवून तेथें गेलेला प्रवासी आपलें ओझें बांधतांना दोनदां विचार करील.

सभ्य श्रोतेहो, आतां मूळ प्रश्नाकडे वळतों. ह्या हिंडण्यानें सेवेस काय मिळालें?

पहिली गोष्ट ही, कीं ज्यांची सेवा करावयाची त्यांस ओळखल्याशिवाय सेवा घडत नाहीं, आणि माणूस केवळ शाळेंत व भोजनगृहांत ओळखूं येत नाहीं. तेथें तो गरजू म्हणून येतो. बाजारांत तो व्यापारी असतो, शेतांत धनी असतो, पुलावर कारागीर असतो, यात्रेंत भक्त असतो. हीं चार रूपें ज्यानें पाहिलीं नाहींत, तो त्या मनुष्याच्या गरजेलाच मनुष्य समजून बसतो. लिम्याचे महागुरु संत तोरिबिओ १५८१ सालीं तेथें आले व १६०६ मध्यें प्रवासांतच वारले. आपल्या कारकीर्दीचा मोठा भाग त्यांनीं डोंगरदऱ्यांतील वाटांवर घालविला, व लोकांशीं त्यांच्या भाषेंत बोलले. आजचे पोप महाशय लिओ चौदावे हेही १९८५ सालीं पेरूमध्यें मिशनरी म्हणून गेले, व पुढें चिक्लायोचे बिशप झाले. आपले वसईचे संत गोन्सालो गार्सिया जपानांत दुभाष्याचें काम करण्याइतकी तेथील भाषा शिकले होते. ह्या थोरांशीं आमची बरोबरी करावी, असें आम्ही स्वप्नांतही म्हणणार नाहीं. परंतु प्रवास आणि सेवा ह्यांचें वैर नाहीं, इतकें त्यांच्या चरित्रांवरून दिसतें.

दुसरी गोष्ट आयनीची. पांच दिवस आम्ही वाढीत होतों. दोन दिवस दुसरे आम्हांस वाढीत होते. जो नेहमीं देतो व कधींच घेत नाहीं, तो हळूहळू गांवाचा सावकार होतो, मग त्याचें व्याज केवळ आभारांचें कां असेना. ज्या घरीं आम्ही भाजलेले बटाटे खाल्ले, त्या घरची आई भोजनगृहांत ताठ मानेनें येत असे, कारण तिचा आणि आमचा हिशेब बरोबरीचा होता.

तिसरी गोष्ट आमच्या कामाच्या मापाची. चार महिन्यांत आम्हीं त्या गांवाचें दैन्य दूर केलें, असें कोणी समजूं नये. कांहीं मुलें बरें वाचूं लागलीं, मळ्यांत कोबी झाला, स्वयंपाकघरास एक कुकर मिळाला, एवढेंच. ज्या लोकांनीं शतकानुशतकें दरवर्षीं पूल विणला, त्यांच्या चिकाटीपुढें पाहुण्यांचे चार महिने किती थोडे, हें तो पूल पाहिल्यावर सांगावें लागत नाहीं. आपण त्यांच्या दोरींतील एक गवताची काडी व्हावें. दोर वळणारे हात त्यांचेच.

आपल्या धर्मग्रामांतील आणखी तरुण-तरुणी असें काम करूं इच्छितात व त्यांस पाठवावें कीं नाहीं, ह्याचा विचार चालू आहे, असें आम्हांस समजतें. आमची नम्र सूचना अशी, कीं पाठवावें, परंतु कांहीं अटींवर. तेथील भाषेचा अभ्यास करून मगच जावें. मुक्काम शक्य तितका दीर्घ असावा. जेथें अनाथ मुलांस थोड्या दिवसांचा लळा लावून पाहुणे निघून जातात, अशा कामास जाऊं नये. त्या मुलांस तो वियोग पुन्हा पुन्हा सोसावा लागतो. सुटीचे दिवस खोलींत किंवा केवळ प्रवासी कंपनीच्या मोटारींत न घालवितां गांवच्या माणसांबरोबर घालवावे, परवानगीशिवाय कोणाचें छायाचित्र काढूं नये, आणि जेवावयास बोलावलें तर नाहीं म्हणूं नये.

हें सर्व करावयास पेरूलाच जावें लागतें असें नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत, डहाणू व जव्हारकडील पाड्यांत, आपल्या युवकांचे गट औषधें, कपडे व वह्या घेऊन जात असतात. त्यांस आमची इतकीच विनंति, कीं वाटप आटोपतांच परतीची गाडी धरूं नये. एक रविवार हातांत कांहीं न घेतां जावें, भाताच्या लावणीस उभें राहावें, वारली बोलीचे पांच शब्द शिकावे, आणि त्यांच्या घरची नाचणीची भाकर खाऊन यावें.

आपण ज्या विश्वासानें आम्हांस पाठविलें, त्याबद्दल, तसेंच आमच्या गैरहजेरींत आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांची ज्या शेजाऱ्यांनीं विचारपूस केली, त्यांबद्दल आम्ही आपले अत्यंत ऋणी आहों. त्यांचा हिशेब आभारांनीं फिटणार नाहीं. लावणीच्या, लग्नाच्या व दुखण्याखुपण्याच्या वेळीं आम्हांस हक्कानें हांक मारावी. ज्युबिलीच्या ह्या वर्षीं आपल्या धर्मग्रामांत सावडीची जुनी चाल पुन्हा बळकट होवो, अशी परमेश्वरापाशीं प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.